चांद्याची बावीस यार्ड चटई

नोकरीत कागद ठेवायला सरकारने आम्हाला एक लाकडी कपाट दिलं होतं. किस्से ठेवायला काहीच दिलं नव्हतं. दोन पावसाळ्यांनंतर कपाट उघडलं, तर आतले कागद उधईने, म्हणजे वाळवीने, खाऊन टाकलेले, आणि किस्से मात्र जसेच्या तसे! तेव्हापासून कागदांवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

परवा सकाळी फिरताना आमच्या म्हाताऱ्यांच्या कंपूत हाच विषय निघाला. कॉलनीच्या मागे प्लॅस्टिकच्या गवताचं मैदान झालंय. त्याला ब्रश मारायला रोज एक माणूस येतो. जोशी म्हणाले, "काय एकेक निघतंय! मैदान कृत्रिम, आणि वर त्याची निगा राखायची! आपल्या वेळी होतं का असलं काही?"

"होतं की," मी म्हणालो. "मी त्याच्यावरच संशोधन करायचो. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला. तुम्ही शाळेत असाल तेव्हा."

झालं! सगळे बाकावर बसले. म्हणाले, आता सांगितल्याशिवाय चहा नाही.

आधी थोडं समजून घ्या. क्रिकेटला गवताचं पिच हवं तर रोज पाणी हवं. चांद्याच्या उन्हाळ्यात माणसांना प्यायला पुरलं तरी नशीब. म्हणून मुरूम कुटून, रोलर फिरवून पिच करायचं आणि त्याच्यावर काथ्याची बावीस यार्ड लांब चटई खिळ्यांनी ताणून बसवायची. त्याला म्हणायचं मॅटिंग विकेट. हा काथ्या यायचा पार दक्षिणेकडून, आगगाडीने. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला की चटईचा चोथा! तेव्हा सरकारच्या मनात आलं, की ही चटई जास्त दिवस टिकेल कशी आणि इथल्याच शेतातल्या-जंगलातल्या वस्तूंनी दुरुस्त होईल कशी, हे कुणीतरी शोधून काढावं. हे 'कुणीतरी' म्हणजे आमचे मोकाशीसाहेब, आणि त्यांचा सहायक म्हणून वनस्पतिशास्त्रात नुकताच बी.एस्सी. झालेला मी. मी साताऱ्याकडचा. चांदा नकाशात कुठे आहे, तेही नेमणुकीचं पत्र आल्यावर बघितलं.

* * *

पहिल्याच दिवशी खोली शोधायला गेलो. घरमालक तुकारामभाऊ, धानाची शेती करणारे. ओसरीवर बसून विडी ओढत होते.

"काय करता जी तुमी?"

"संशोधन करतो."

"कायचं?"

"चटईचं."

तुकारामभाऊंनी विडी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं. मग फार मायेने विचारलं, "काऊन? झोप नाई लागत का तुमाले?"

मी त्यांना अर्धा तास समजावलं. मॅटिंग म्हणजे काय, काथ्या म्हणजे काय, सरकारचा हेतू काय. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यात आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "कोन आलं जी?"

"सरकारी मानूस हाय," तुकारामभाऊ ओरडले, "चटईवर बसून पगार घेते!"

खोली मिळाली. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या मोहल्ल्यात माझं नाव 'चटईसाहेब' पडलं. महिन्याभरात पोस्टमनसुद्धा आडनाव विसरला!

* * *

मोकाशीसाहेब हा एक नमुना होता. फौजेतून निवृत्त, खाकी हाफपँट, डोक्यावर सोला हॅट, एक गुडघा कामातून गेलेला आणि खिशात सदैव मोजपट्टी. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचा एकच आग्रह, "मोजा! डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मोजा!"

म्हणून रोज सकाळी माझं एक काम ठरलेलं. पिचशेजारी स्टुलावर उभं राहायचं, एका ठरावीक उंचीवरून चेंडू चटईवर सोडायचा, तो किती उसळतो ते बांबूच्या पट्टीवर बघायचं आणि वहीत लिहायचं. असं शंभर वेळा. आकडा चुकू नये म्हणून मी तोंडाने पुटपुटत असे. ऊन लागू नये म्हणून अंगावर पांढरं उपरणं घेत असे.

आमच्या मैदानाशेजारून बायकांची बांदीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे, जायची वाट होती. पहिल्या दिवशी त्या थांबून बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी चपला काढून बघून गेल्या. चौथ्या दिवशी मी स्टुलावरून खाली बघतो, तर एक म्हातारी बाई चटईला हळदकुंकू वाहतेय!

"आजी, हे काय करता?"

"तुमी जप करा जी, थांबू नका," ती म्हणाली. "माह्या सुनेले दिवस राह्यले पाह्यजे, बस." आणि मला काही सुचायच्या आत तिने खणकन नारळ फोडला. बरोब्बर गुड लेंथवर!

मोकाशीसाहेब शेडमधून लंगडत धावत आले. मला वाटलं, आता हिची काही खैर नाही. साहेबांनी म्हातारीला नमस्कार केला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि माझ्यावर खेकसले, "प्रसाद अवश्य घ्या. पण नारळ बाउंड्रीबाहेर फोडायला सांगा. उसळी बिघडते!"

पुढच्या वर्षी म्हातारी पेढे घेऊन आली. साहेबांनी तेही बाउंड्रीबाहेरच घेतले.

* * *

चटई सगळ्यात आधी फाटते ती बोलर जिथे पाय आपटतो तिथे. आमची तशी फाटली, आणि दुरुस्तीची काथ्याची सुतळी काही येईना. मी दाभण आणि सुती दोरा घेऊन तीन दिवस शिवत बसलो. शिवायचं, बोलरने दोन ओव्हर टाकायच्या, की पुन्हा भोक!

मैदानाला लागून तलाव होता. तिथे मासे धरणारे बळीरामभाऊ त्यांची जाळी आमच्या कुंपणावर वाळत घालायचे. तीन दिवस त्यांनी माझं शिवणकाम बघितलं. चौथ्या दिवशी राहवलं नाही.

"गोधडी शिवून राह्यले का जी, साहेब?"

"भोक बुजवतोय."

"भोक बुजवाचं नसते जी. भोकाले जाळ्यात घ्याचं असते. सरका."

कमरेची बांबूची जाळं विणायची सुई काढून ते मांडी घालून बसले. अंबाडीची ओली सुतळी घेतली आणि बोटं चालायला लागली. मी बघतच राहिलो! दुपारपर्यंत काम झालं.

संध्याकाळी मोकाशीसाहेब आले. "कुठली जागा दुरुस्त केली?"

"तुमीच सांगा," बळीरामभाऊ म्हणाले.

साहेब गुडघा धरून खाली वाकले. हात फिरवून बघितला. चेंडू टाकून बघितला. एकदा इथे, एकदा तिथे. उसळी सगळीकडे सारखी. जागा सापडेना! शेवटी उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. कलेक्टर समोर आले तरी ती हॅट निघत नसे, हे मी स्वतः बघितलेलं होतं.

त्या गाठीवर आम्ही अहवाल लिहिला. साहेबांनी लेखक म्हणून तीन नावं घातली: त्यांचं, माझं आणि बळीरामभाऊंचं. वरच्या ऑफिसातून पत्र आलं, 'तिसऱ्या लेखकाचे शिक्षण कळवावे.'

साहेबांनी त्याच दिवशी उत्तर धाडलं, 'शिक्षण: वैनगंगा नदी. अनुभव: चाळीस वर्षे.'

पुन्हा काही विचारणा आली नाही. उलट पुढच्या पत्रात बळीरामभाऊंचा उल्लेख चक्क 'तज्ज्ञ' असा होता. मी पळत जाऊन त्यांना वाचून दाखवलं.

"तज्ज्ञ म्हंजे काय जी?"

"ज्याला सगळं येतं तो."

बळीरामभाऊ जाळं झटकत म्हणाले, "हे कागद आमच्या सीताले दाखवा. चाळीस वर्स झाले, ते म्हनते मले कायीच येत नाई!"

* * *

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. 'आमच्या' म्हणजे माझ्याच.

कपाटातल्या कागदांसारखी चटईसुद्धा उधई खायची. तेव्हा उधईला नकोसं वाटेल असं काहीतरी चटईला पाजायचं, असा प्रयोग निघाला. एक पट्टी करंजीच्या तेलात, एक हिरड्याच्या पाण्यात. बळीरामभाऊंनी सांगितलं, "मोहाची टोळ घ्या जी. टोळीच्या तेलाले कोनतीच उधई तोंड लावत नाई."

टोळ म्हणजे मोहाचं बी. साताऱ्याकडच्या माणसाला हे कुठलं ठाऊक! मी समजलो मोहाचं फूल. चैत्रात फुलांचा नुसता सडा पडलेला. मी टोपलीभर फुलं आणली, मोठ्या घमेल्यात उकळली आणि अख्खी चटई त्या काढ्यात बुडवून वाळवली. काय वास सुटला होता म्हणून सांगू! गुळाच्या गुऱ्हाळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

दोनच दिवसांनी वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या जंगलात, लाकूड डेपोच्या मैदानावर सामना होता. जंगल खातं विरुद्ध चांद्याचा क्लब. चटई आमची. सकाळची वेळ, चटई ताणून बसवली, टॉस झाला, दुसरी ओव्हर सुरू झाली. बोलर धावत निघाला आणि अर्ध्यातच थांबला. कारण समोरून, बॅट्समनच्या मागून, एक भलं मोठं अस्वल चालत येत होतं!

चांद्याचे अकराच्या अकरा खेळाडू क्षणात झाडांवर. दोघं तर एकाच फांदीवर. मी आणि स्कोअरर बैलगाडीखाली. जंगल खात्याची माणसं मात्र एकही झाडावर नाही, सगळी डेपोच्या ऑफिसकडे पळालेली. तिथल्या खिडकीतून रेंजरसाहेब जिवाच्या आकांताने ओरडत होते, "अगा, उतरा खाली! अस्वल झाडावर चढते!"

चढताना लागला होता त्याच्या निम्म्या वेळात मंडळी खाली आली!

अस्वलाने कुणाकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते सरळ पिचच्या मधोमध बसलं आणि चटई चाटायला लागलं. चाटून झाली की नखांनी ओरबाडायची, पुन्हा चाटायची. चांगला अर्धा तास! शेवटी गार्ड लोकांनी रॉकेलचे डबे बडवले तेव्हा कंटाळल्यासारखं उठलं आणि निघून गेलं.

ते झाडीत दिसेनासं झालं न झालं तोच मोकाशीसाहेब मोजपट्टी घेऊन चटईवर हजर. प्रत्येक ओरखडा मोजला. त्या महिन्याच्या नोंदवहीत त्यांच्या अक्षरात असं लिहिलेलं होतं:

'चटई झिजण्याची कारणे: १. गोलंदाजांचे पाय. २. ऊन. ३. अस्वल.'

आणि खाली कंसात, '(तिसरे कारण सहायकाच्या कृपेने.)'

* * *

माजरीच्या कोळशाच्या खाणीकडे आमचं एक वेगळंच काम निघालं. तिथल्या हॉकीच्या मैदानावर पावसाळ्यात पाणी साचून चिखल व्हायचा. मोकाशीसाहेब स्वतः फौजेत हॉकी खेळलेले. त्यांनी डोकं चालवलं, की बॉयलरमधून निघणारी कोळशाची राख आणि खडे फुकट मिळतात, तेच मुरमात मिसळून पसरावेत. पाणी झिरपून जाईल. बाहेरून काही आणायला नको.

आणि खरंच, पाऊस पडून गेला की तासाभरात मैदान कोरडं! साहेब खूश. तसं तोंडावर दिसलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला.

उद्घाटनाचा सामना ठरला. खाणीची टीम पांढऱ्या शर्टात, बल्लारपूरहून आलेली टीम पिवळ्या शर्टात. पहिली पाच मिनिटं फार सुंदर दिसत होतं. मग धूळ उडायला लागली. पंधराव्या मिनिटाला पांढरं कोण, पिवळं कोण, काही कळेना. बावीसच्या बावीस काळे! बल्लारपूरच्या एका गड्याने बॉल पास केला तो खाणीच्या कॅप्टनला. कॅप्टन सवयीने "थँक्यू" म्हणाला आणि जाऊन गोल मारून आला.

अंपायरने खेळ थांबवून सगळ्यांना तोंडं धुवायला लावली. चेहरे ओळखू आले, शर्ट नाहीत. पाच मिनिटांत चेहरेही गेले.

खाण जिंकली, असं अंपायरच्या कागदावर होतं. मॅनेजरच्या मंडळी कप द्यायला पुढे आल्या. समोर काळ्या माणसांच्या दोन रांगा. त्यांनी फार गोड हसून एका रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हातात कप ठेवला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, बल्लारपूरची टीम तीन वेळा "हिप हिप हुर्रे" करून लॉरीत बसली आणि कप घेऊन गेली!

खाणीच्या कॅप्टनने मला विचारलं, "साहब, हम जीते थे ना?"

साहेबांचा निष्कर्ष दोन ओळींचा होता. 'पाण्याचा निचरा उत्तम. खेळाडूंच्या ओळखीचाही.'

* * *

सीताबाईंचं नाव मघाशी येऊन गेलं. बळीरामभाऊंच्या या मंडळी. ठेंगण्या, ठसठशीत, आणि आवाज असा की तलावाच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे. बळीरामभाऊंची अंबाडीची गाठ टिकली, तेव्हा साहेबांच्या मनात आलं, की दुरुस्तीच कशाला, अख्खी चटईच अंबाडीची केली तर? काथ्या आणायलाच नको. सीताबाईंनी गावातल्या आठ बाया जमवल्या आणि अंगणात खुंट्या ठोकून विणायला बसल्या.

या चटईवर बरंच काही अवलंबून होतं. वरच्या ऑफिसात आमच्या योजनेबद्दल कुरकुर सुरू झालेली. अंबाडीवर चेंडू सरळ उसळला तर आमचं म्हणणं खरं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. सामना ठरला. चांद्याचे शाळामास्तर विरुद्ध गोंडपिपरीची शेतकरी मंडळी.

सामन्याच्या सकाळी चटई उलगडली आणि मोकाशीसाहेबांचा चेहरा पडला. चटईवर मोर होता! पळसाच्या रंगाचा पिसारा, हिरड्याची काळी मान. फार देखणा. आणि तो होता नेमका बॅट्समनच्या पुढे, चेंडू पडायचा तिथे!

"सीताबाई, हे काय?"

"मोर हाय जी."

"ते दिसतंय. पण कशाला?"

"आता एवढी मोठी चटई विनाची, अन् कोरीच द्याची का? लोक काय म्हनतील?"

वेळ नव्हता. सामना सुरू झाला. गोंडपिपरीचा फास्ट बोलर नथ्थूभाऊ, नांगर धरून खांदे तयार झालेले. पहिलाच चेंडू सुसाट आला आणि मोराच्या मानेवर आदळला. बॅट्समन चुकला. जमाव ओरडला. आणि त्या सगळ्या ओरड्यावरून बाउंड्रीवरचा सीताबाईंचा आवाज आला, "अगा नथ्थ्या! डोळे फुटले का तुये? मोराले मारून राह्यला!"

नथ्थूभाऊ त्यांचा सख्खा भाचा निघाला. त्याने कान पकडले. तिथून पुढे त्याचा एकही चेंडू मोरावर पडला नाही. एक तर थेट बॅटवर, नाहीतर पार बोलरच्या पायाशी. बाकीच्या बोलरांनीही धसका घेतला. मास्तर मंडळींनी आयुष्यात मारले नव्हते असे फटके मारले. ड्रॉइंगच्या मास्तरांनी तर चेंडू तलावात घालवला!

साहेब इकडे तडफडत होते. "अरे, त्या जागी चेंडू टाका रे कुणीतरी! परीक्षा तिचीच आहे!" कुणी टाकेना. दिवस संपला, मोराचं एक पीससुद्धा विस्कटलं नव्हतं. संध्याकाळी साहेबांनी वहीत लिहिलं, 'चटई उत्कृष्ट स्थितीत. मोक्याच्या जागी चेंडू एकदाच पडला.'

मग त्यांनी अगदी नमतं घेऊन विचारलं, "सीताबाई, पुढच्या वेळी हा मोर काढता येईल का?"

"काढते ना जी," सीताबाई म्हणाल्या. "मोराले मारते म्हनून तुमाले वाईट वाटलं असन. त्या जागी वाघ घालून देऊ का? मंग पाहू कोन मारते!"

त्या दिवशी मोकाशीसाहेब हसले. मी शपथेवर सांगतो, हसले! शेडच्या मागे जाऊन, पण हसले.

* * *

आता शेवटचा. यानंतर आमची योजना आणखी तीन वर्षं चालली. ती चालू कशी राहिली, त्याचा हा किस्सा.

मधल्या काळात राज्यांची फेरमांडणी झाली आणि आमची फाइल नागपूरहून मुंबईला गेली. तिथून पत्र आलं, की तपासणी अधिकारी येत आहेत, ते चटई स्वतः पाहतील आणि केंद्र ठेवायचं की बंद करायचं ते ठरवतील. साहेब आठवडाभर मुरमावर रोलर फिरवून घेत होते. दुसरी अंबाडीची चटई, साधी, बिनमोराची, तयार होती. दोन हंगाम खेळून झालेली आणि तरी घट्ट.

अशात सीताबाई शेडवर आल्या. "साहेब, पोरीचं लगन हाय. पंगतीले चटई पाह्यजे."

साहेब दचकले. "बाई, ती सरकारी वस्तू आहे."

"विनली कोनं?"

साहेबांनी मोजपट्टी खिशातून काढली, परत ठेवली. अधिकारी यायला पुरते दोन दिवस होते. "घेऊन जा," ते म्हणाले. "पण परवा सकाळी इथे हवी."

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला आमच्या दारात जीप उभी राहिली. अधिकारी एक दिवस आधीच आले होते! किडकिडीत, सोनेरी काड्यांचा चष्मा, काखेत चामड्याची बॅग. सरळ पिचवर गेले. तिथे नुसता मुरूम.

"मॅटिंग कुठे आहे?"

मोकाशीसाहेब आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्यांनी खिशातली मोजपट्टी चाचपली. "फील्ड ट्रायलला गेलंय, सर," ते म्हणाले.

"कुठे?"

"नदीकडच्या एका गावात."

"उत्तम! चला, तिथेच बघू."

जीप निघाली. मी मनातल्या मनात साताऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक आठवत होतो. गावात शिरलो तर मांडव, वाजंत्री, हळदीने पिवळी झालेली माणसं. अधिकारी गोंधळले. तेवढ्यात नवऱ्या मुलीची आई म्हणून मिरवणाऱ्या सीताबाई समोर आल्या.

"आले का जी! बसा, पानं वाढून राह्यले."

"नाही, नाही. मी ड्यूटीवर आहे."

"ड्यूटीले पोट नसते का जी? बसा!"

त्या आवाजापुढे मुंबईचं काय चालणार! ते बसले. शेजारी साहेब, गुडघा लांब करून. त्यांच्या शेजारी मी. समोर पळसाच्या पत्रावळी, आणि त्यांवर भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. अधिकाऱ्यांनी पहिला घास बिचकत घेतला. दुसरा सावकाश घेतला. मग कोटाची बटणं काढली आणि मांडी सैल केली.

वाढपी वरणाच्या बादल्या फरफटत नेत होते. दोन आजोबा काठ्या टेकत पंगतीमधून चालले. ओल्या पायांची माणसं येत होती, जात होती. अधिकाऱ्यांच्या पत्रावळीला भोक पडून वरणाचा एक ओघळ माझ्याच दिशेने निघाला होता, आणि मोकाशीसाहेब त्याच्यावरून नजर हलवत नव्हते. मला खात्री आहे, ते मनातल्या मनात तो मोजत होते.

"वांग्याची भाजी आणखी आहे का?" अधिकारी म्हणाले.

सीताबाईंनी दोनदा वाढली. बळीरामभाऊंनी बुंदीचा आग्रह केला. जेवणं झाली. अधिकाऱ्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले, एक तृप्त ढेकर दिली. मग चष्मा नीट केला, बॅगेतून वही काढली, पेनचं टोपण उघडलं आणि पुन्हा मुंबईचा चेहरा धारण केला.

"हं, मोकाशी. जेवण झालं, आता काम. ते तुमचं मॅटिंग कुठे आहे ते दाखवा."

मोकाशीसाहेब आकाशाकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. बळीरामभाऊ मांडवाच्या खांबाकडे. वाजंत्रीवालेसुद्धा नेमके तेव्हाच थांबले.

सीताबाई पानाचं तबक घेऊन आल्या, अधिकाऱ्यांपुढे धरलं आणि म्हणाल्या, "घ्या, पान घ्या जी. अन् दोन घंट्यापासून तुमी बसले कायच्यावर होते?"